दहापैकी साडेचार

"मॅडम, माझ्याऐवजी दुसरं कुणाला तरी पाठवा ना."

केतकी गावंडे माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हे इतक्या हळू बोलली, की मला आधी वाटलं ती पाणी मागते आहे. अंजनगावच्या मुलींशी आमचा सामना शेवटच्या डावात आला होता. आम्ही एका धावेने मागे होतो. आमच्या दोघी आउट झाल्या होत्या, दोघी बेसवर उभ्या होत्या, आणि बॅट घेऊन जायची पाळी केतकीची होती. संघातली सगळ्यात भरवशाची मुलगी म्हणून मी तिला मुद्दाम त्या जागी ठेवलं होतं.

"काय झालं?"

"मनगट दुखतंय."

मी तिचं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं. ती दचकली नाही, हातही मागे ओढला नाही. पण चेहरा पार उतरला होता. पंच घाई करत होते. मी बाकावर बसलेल्या शाहीनकडे पाहिलं आणि मानेने खूण केली. शाहीनला तेवढंच हवं होतं. ती हेल्मेट डोक्यावर आदळत धावत गेली आणि पहिलाच चेंडू असा काही हाणला, की समोरच्या मुलीच्या ग्लोव्हला लागून तो मागच्या गवतात गेला. तो सापडेपर्यंत बेसवरच्या आमच्या दोघी धावून होम प्लेटला पोचल्या होत्या, दोन धावा झाल्या होत्या. सामना आम्ही जिंकला. मुलींनी शाहीनला उचलून घेतलं. केतकीही टाळ्या वाजवत होती, दुखऱ्या मनगटाने.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची, परतवाड्याची. मी तेव्हा मुलींच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते, सत्तावीस वर्षांची. आमच्या मैदानावरून चिखलदऱ्याचे डोंगर दिसायचे. हिवाळ्यात संत्र्यांचे ट्रक पलीकडच्या रस्त्यावरून जायला लागले, की सामन्यांचे दिवस सुरू व्हायचे. विदर्भात शाळांमधून बेसबॉल खेळला जातो हे बाहेरच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण आमच्याकडे मुली खेळायच्या, आणि जीव लावून खेळायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहीन फळ्यापाशी उभी होती. व्यायामशाळेबाहेर एक फळा होता, त्यावर प्रत्येक सामन्यानंतर सगळ्या मुलींची फलंदाजीची सरासरी लावली जायची. शाहीनने आपलं नाव शोधलं, बोट ठेवून आकडा वाचला, मग माझ्याकडे वळली.

"मॅडम, काल मी मारलं ना?"

"मारलंस की."

"अन् आपण जिंकलो ना?"

"जिंकलो."

"मंग माहा नंबर खाली काहून गेला?"

मी तिला नियम समजावून सांगितला. फिल्डरच्या हातात आलेला चेंडू सुटला, तर ती फिल्डरची चूक धरतात. मारणारी बेसवर पोचते, धावाही होतात, पण तिच्या नावावर हिट चढत नाही. पाळी मात्र मोजली जाते. म्हणजे हिशेबात ती आउट झाल्यासारखीच. शाहीनने सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ फळ्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणून वर्गात गेली. तिला पटलं नव्हतं. सांगताना मलाही ते फारसं पटलं नव्हतं.

ती सरासरी काढायचे केतकीचे वडील. गावंडे साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. माणूस सरळ आणि शिस्तीचा, प्रत्येक सामन्याला घडीची खुर्ची घेऊन येणारा. त्याच्या आदल्या वर्षी विभागीय चाचणीसाठी मी दोन मुलींची नावं दिली होती आणि त्यावरून पालकांनी मोठा गोंधळ घातला होता. अमक्या मुलीची आई माझ्या ओळखीची, तमकीचे काका संस्थेत, असं काय काय बोललं गेलं. मुख्याध्यापिका काळमेघ बाईंनी मला खोलीत बोलावून, यंदा असं काही व्हायला नको, एवढंच सांगितलं होतं. तेव्हा गावंडे साहेबच म्हणाले, की आपण आकड्यांवर जाऊ. दहा वेळा पाळी आली तर मुलीने किती वेळा खरा हिट मारला, हे कुणालाही दिसेल. जिचा आकडा मोठा तिचं नाव जाईल. वाद राहणारच नाही.

मला ते फार आवडलं होतं. फळ्यावरचा तक्ता माझ्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहायचा. कुणी विचारलं की मी बोटाने तिकडे दाखवायचे आणि माझी सुटका व्हायची.

त्या वर्षीही शाळेकडून दोनच नावं जाणार होती. एक आमच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या समीक्षाचं, त्याबद्दल दुमत नव्हतं. दुसऱ्या नावासाठी फळा पाहायचा. फळ्यावर केतकी सगळ्यांच्या वर होती, दहापैकी साडेचार. शाहीन पार खाली, दोनच्या आसपास.

शाहीनचे वडील गफ्फारभाई यांची सदर बाजारात बेकरी होती. सामन्याच्या दिवशी ते मुलींसाठी टोस्टचं मोठं पुडकं घेऊन यायचे. बेसबॉलचे नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत, पण ओरडायला ते सगळ्यात पुढे. त्या आठवड्यात त्यांनी फळा वाचला आणि गावंडे साहेबांना अगदी अदबीने विचारलं, की साहेब, पोरगी बेसवर पोचली, मग तिने काय केलं नाही?

गावंडे साहेबांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून त्यांना ते कलम वाचून दाखवलं. त्यात चूक काहीच नव्हती. गफ्फारभाई मान हलवत राहिले.

"ते ठीक आहे साहेब. पण चेंडू इतका जोरात आला, की त्या पोरीच्या हातात राहून नाही राहिला. हे तं माह्या पोरीनंच केलं ना?"

मी मध्ये पडायला नको होतं, पण पडले. महिन्यापूर्वी केतकीनेही तसाच एक चेंडू मारला होता, तोही फिल्डरच्या हाताला लागून सुटला होता, आणि त्याला हिट धरलं होतं, असं मला आठवत होतं. ते मी बोलून दाखवलं. गावंडे साहेबांचा चेहरा बदलला.

"मी माझ्या मुलीला झुकतं माप देतो असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही साहेब. तुम्ही तसे नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे दुसरं कुणी बसलं असतं, तर त्याने वेगळं लिहिलं असतं. एवढंच म्हणते."

ते उठले. खुर्ची घडी करून निघून गेले. पुढचे दोन दिवस मला धास्ती होती की हे काळमेघ बाईंपर्यंत जाणार. गेलं नाही.

अमरावतीच्या संघाशी सामना रविवारी होता. त्या संघात एक उंच, डावखुरी पिचर होती. तिचे चेंडू मुलींना दिसायचेसुद्धा नाहीत, अशी तिची ख्याती होती. त्यानंतर नावं पाठवायची होती. शनिवारी सराव संपल्यावर मी पाण्याच्या नळापाशी हात धूत होते, तिथे केतकी आली. तिला उद्या पोटात दुखणार होतं. म्हणजे तिने तसं म्हटलं नाही. तिने विचारलं, की कुणाला बरं नसेल तर त्याने न खेळलेलं चालतं का.

मी नळ बंद केला आणि कट्ट्यावर बसले. तीही बसली.

"मनगट बरं आहे?"

"हो."

"त्या दिवशीही बरं होतं ना?"

ती बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. घरी जेवताना बाबा आकडा सांगतात. वाढला तर आईला सांगतात, फोनवर मामाला सांगतात. कमी झाला तर रागवत नाहीत, काही बोलतच नाहीत, नुसते जेवतात. आता साडेचार आहे. जोरात टाकणारी पिचर समोर आली की तिला वाटतं, आज हा आकडा जाणार. म्हणून ती शक्यतो बॅट खांद्यावर ठेवून उभी राहते. पिचरने चार चेंडू वाईट टाकले तर बेस फुकट मिळतो आणि ती पाळी हिशेबात धरत नाहीत. आकडा आहे तिथेच राहतो.

"अंजनगावच्या वेळी मी आउट झाले असते तर साडेचारच्या खाली आले असते," ती म्हणाली. "म्हणून."

वर्षभर मी त्या फळ्याकडे बोट दाखवत आले होते आणि सगळ्यात वरच्या नावाखाली काय चाललं आहे हे मला दिसलं नव्हतं.

"तुला खेळायला आवडतं का, केतकी?"

"आवडायचं," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "अजून आवडतं. सरावाला आवडतं. तिथे कुणी लिहीत नाही."

तिने मला शपथ घातली, की बाबांना सांगायचं नाही. मी सांगणार नाही म्हटलं. आणि तुला उद्या खेळावं लागेल, हेही सांगितलं.

रविवारी सकाळी गावंडे साहेब खुर्ची मांडत होते तेवढ्यात मी त्यांच्याकडे गेले. त्यांना म्हटलं, मला आज एक माणूस कमी आहे. पहिल्या बेसजवळ आपल्या बाजूचं एक जण उभं राहतं, मारून धावत येणाऱ्या मुलीला थांब की पुढे जा हे ओरडून सांगायला. रोज एक जादा मुलगी तिथे उभी राहते, आज तुम्ही उभे राहा. एवढे नियम तुमच्याशिवाय कुणाला पाठ आहेत?

"मग तक्ता कोण लिहिणार?"

"गफ्फारभाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी धरणाची किल्ली कुणाच्याही हातात द्यायला निघाले आहे. पण नाही म्हणाले नाहीत. टोपी घालून पहिल्या बेसकडे चालत गेले. गफ्फारभाईंनी पेन्सिल कानावर ठेवली आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

खुर्ची मैदानापासून लांब, झाडाच्या सावलीत असायची. तिथून चेंडू म्हणजे एक पांढरा ठिपका. पहिल्या बेसवरून मात्र तो कसा येतो ते कळतं, आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरताना होणारा आवाज छातीत जाणवतो. डावखुऱ्या मुलीने पहिले दोन चेंडू टाकले तेव्हा मी गावंडे साहेबांकडे पाहिलं. ते एक पाऊल मागे सरकले होते.

केतकी पहिल्या पाळीला गेली आणि बॅट खांद्यावर ठेवून उभीच राहिली. असे तीन चांगले चेंडू सोडले की पाळी संपते, आणि तिन्ही अगदी समोरून गेले. आउट. परत येताना ती वडिलांच्या जवळून आली नाही, लांबून वळसा घालून आली. साहेबांनी तो वळसा पाहिला.

दुसऱ्या पाळीला जायच्या आधी मी तिला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, की आउट झालीस तरी चालेल, पण बॅट फिरवून हो. तिने बॅट फिरवली. चेंडू निघून गेल्यावर फिरवली, तिन्ही वेळा. दोन-तीन मुली हसल्या. केतकी खाली मान घालून आली, पण या वेळी सरळ आली.

शाहीनने त्या दिवशी एक चेंडू पिचरच्या डोक्यावरून काढला आणि पुढच्या पाळीला कपाळाच्या वरून जाणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवून आउट झाली. दोन्ही वेळा सारख्याच खुशीत परतली.

शेवटच्या डावात केतकीची तिसरी पाळी आली. आम्ही दोन धावांनी मागे होतो, दोघी आउट झाल्या होत्या, तिसरी झाली की सामना संपणार होता. ती उभी राहिली आणि मला तिचे पाय दिसले. नेहमी ती एक पाय मागे ओढून ठेवायची, कधीही पळून जाता येईल असा. आता दोन्ही पाय मातीत रुतवून उभी होती. पहिला चेंडू हुकला. दुसरा तिने मारला.

तो आवाज मी अजून विसरले नाही. लाकडी खोक्यावर हातोडा बसावा तसा कोरडा, एकच. चेंडू जमिनीपासून खांद्याएवढ्या उंचीवरून सरळ पहिल्या बेसकडे गेला, इतका वेगात की गावंडे साहेब मटकन खाली बसले. त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या अमरावतीच्या मुलीने हात वर केला, बहुतेक चेहरा वाचवायला, आणि चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये जाऊन अडकला. तिचाच तिच्यावर विश्वास बसेना. आउट. सामना संपला.

केतकी अर्ध्या वाटेत थांबली. तीन पाळ्या, तीनदा आउट. साडेचार आता चारच्याही खाली गेलं होतं, आणि हा हिशेब मैदानावर सगळ्यात आधी तिलाच कळला असणार. ती वडिलांकडे पाहत उभी होती. साहेब गुडघ्यावरची माती न झटकता उठले आणि तिच्यापाशी गेले. मी धावत गेले होते, काही वेडंवाकडं बोललं जायच्या आत पोचावं म्हणून, त्यामुळे मला ऐकू आलं.

"केतू, आवाज ऐकलास का बॅटचा?"

ती गोंधळली. "बाबा, मी आउट झाले."

"ते पाहिलं मी. आवाज ऐकलास का?"

तिने मान हलवली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं, रडू आणि हसू दोन्ही एकदम. साहेबांनी तिच्या हेल्मेटवर दोनदा थापटलं.

गफ्फारभाईंचा कागद अर्थातच काही कामाचा नव्हता. केतकीच्या तिसऱ्या पाळीपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'लई जोरात मारला. त्या पोरीनं पकडला. बढिया.' गावंडे साहेबांनी तो वाचला आणि मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी काळमेघ बाईंनी पालकांना बोलावलं. तीन वेळा आउट होऊनही फळ्यावर केतकीच सगळ्यांच्या वर होती, त्यामुळे दुसरं नाव तिचंच, असं बाई म्हणाल्या. मी बोलायला उठणार तेवढ्यात गावंडे साहेब उभे राहिले.

"माझ्या मुलीचं नाव आहे, म्हणून बोलायला जड जातंय," ते म्हणाले. "आमच्या खात्यात धरण बांधायचं असलं, तर नदीचं पाणी वर्षानुवर्षं मोजतात. एका पावसाळ्याच्या आकड्यावर कुणी धरण बांधा म्हणालं, तर मी त्याला वेड्यात काढीन. आणि इथे मी वीस-बावीस पाळ्यांवर मुलींचा निकाल लावत बसलो. आकडे खोटे नाहीत. पण ते फार थोडे आहेत, आणि समोर पिचर कोण होती हे त्यांत कुठेच नाही. नाव मॅडमनी ठरवावं. त्या रोज पाहतात."

काळमेघ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता फळ्याकडे बोट दाखवायची सोय उरली नव्हती. मी शाहीनचं नाव सांगितलं आणि का ते सांगितलं: समोर कोण आहे हे न पाहता ती बॅट फिरवते, आणि विभागाच्या चाचणीत समोर सगळ्याच जोरात टाकणाऱ्या असतील. गफ्फारभाईंनी रुमाल काढून तोंड पुसलं. गावंडे साहेब खिडकीबाहेर पाहत होते. जे मागितलं तेच त्यांना मिळालं होतं, तरी त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं.

केतकीला मी ते सभेच्या आधीच, मधल्या सुट्टीत सांगितलं होतं. माझ्याकडून नाव शाहीनचं जाईल, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं मला वाटत होतं. तिने खालचा ओठ दाताखाली धरला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बघू."

"बघू नाही मॅडम. मी येणार आहे."

शाहीन चाचणीत निवडली गेली आणि राज्य स्पर्धेत खेळून आली. केतकी पुढच्या वर्षी गेली, आणि त्यानंतर आणखी दोन वर्षं. गावंडे साहेबांनी तक्ता बंद केला नाही. त्यात त्यांनी पिचर कोण होती आणि चेंडू बॅटवर नीट बसला की नाही, असे दोन रकाने वाढवले, आणि तो फळ्यावर लावण्याऐवजी माझ्याकडे द्यायला लागले. मला त्याचा पुष्कळ उपयोग झाला. कुणाला कुठला चेंडू जमत नाही, सरावात काय घ्यायचं, हे त्यावरून कळायचं. आता मी दुसऱ्या शाळेत आहे, तिथेही तसाच तक्ता ठेवते. मुलींना मी तो दाखवत नाही.

पण त्या सगळ्यातून मला जास्त आठवते ती त्याच सोमवारची संध्याकाळ. सभा संपली, लोक गेले, मी कुलूप लावून मैदानावरून निघाले. लांब कोपऱ्यात दोघं जण दिसले. गावंडे साहेब ऑफिसच्या कपड्यांत, बाह्या दुमडून, लेकीला चेंडू टाकत होते. त्यांना अजिबात टाकता येत नव्हतं. एक चेंडू तिच्या पायाशी पडायचा, दुसरा कुंपणावर जायचा. केतकी बॅट फिरवत होती. बहुतेक वेळा हुकत होती, आणि हुकली की तोल जाऊन स्वतःभोवती गिरकी घेत होती.

मी जवळ गेले तेव्हा साहेब खांदा चोळत उभे होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, की मॅडम, रोज टाकणाऱ्या मुलींचे हात दुखत नाहीत का हो? मी म्हटलं, दुखतात. आता पुरे करा, उद्या हात वर होणार नाही.

"बाबा," पलीकडून केतकी ओरडली. ती पाय रोवून, बॅट वर करून उभी होती. "अजून एक."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खांदा झटकला, आणि खाली वाकून चेंडू उचलला.